‘नैसर्गिक’ गूळ आणि चढलेली शुगर

“डॉक्टर, साखर तर मी बंदच केलीय. फक्त गूळ घेतो. तोही नैसर्गिक, केमिकलवाला नाही.” पावण्यात दवाखाना चालवताना हे वाक्य मला सारखं ऐकावं लागतं. समोर रिपोर्ट असतो, त्यात तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी वर गेलेली असते, आणि पेशंटला मनापासून वाटत असतं की मशीन बिघडलंय किंवा लॅबवाल्याने घोटाळा केलाय.

मधल्या काळात एमआयडीसीतल्या कंपनीतले एक सुपरवायझर पत्नीला घेऊन आले. वय पन्नाशीचं, गोळ्या वेळेवर, चालणंही नियमित. तरीही एचबीएवनसी, म्हणजे तीच तीन महिन्यांची सरासरी, साडेसातवरून साडेनऊवर गेलेलं. वहिनींनी पिशवीतून पाकीट काढून टेबलावर ठेवलं. “हे बघा, शिफ्टमध्ये भूक लागली की बिस्किटं खातात म्हणून मी हे लाडू आणून देते. शंभर टक्के नैसर्गिक. रिफाइंड साखर अजिबात नाही. मी वाचून आणलंय.” पुढच्या बाजूला हिरवं पान होतं, बैलगाडी होती आणि ठळक अक्षरांत ‘नॅचरल’. मी पाकीट उलटं केलं आणि मागची बारीक अक्षरं त्यांना मोठ्याने वाचायला सांगितली. पहिलं नाव गुळाचं, दुसरं खजुराचं, चौथ्या जागी मध, पुढे लिक्विड ग्लुकोज. खालच्या तक्त्यात १०० ग्रॅममागे साखर ५२ ग्रॅम. वहिनी गप्प झाल्या. त्यांना मी काही बोललो नाही. वाचण्याची धडपड त्या करत होत्या, फक्त पाकिटाची चुकीची बाजू त्यांच्यासमोर धरली गेली होती.

गुळाबद्दल एकदा स्पष्टच सांगतो. गूळ म्हणजे उसाचा रस आटवून केलेला पदार्थ, त्यात साधारण ६५ ते ८५ टक्के सुक्रोज, म्हणजे साखरच. लोह आणि खनिजं असतात, पण ती पोटात जावीत म्हणून खायचा तर इतका गूळ खावा लागेल की मधुमेह्याचं दुसरंच काही होऊन बसेल. मधात जवळपास ८० टक्के साखर, सुक्या खजुरातही दोन तृतीयांशाच्या आसपास. ऊस कोल्हापूरचा होता की सेंद्रिय होता हे तुमच्या स्वादुपिंडाला कळत नाही. त्याला फक्त रक्तात आलेलं ग्लुकोज कळतं. मधुमेह नसलेल्या माणसाने जेवणानंतर गुळाचा खडा खाल्ला तर माझं काही म्हणणं नाही, शेंगदाण्यासोबत तर खुशाल खा. पण कंपनीच्या गेटबाहेर ‘गुळाचा चहा, शुगरवाल्यांना चालतो’ असं सांगणाऱ्याचं ऐकून दिवसाला चार कप पिणार असाल, तर मला तुमची गोळी वाढवावी लागेल.

कायद्यात ‘नैसर्गिक’ म्हणजे काय याची व्याख्या आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. अन्नसुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या, २०१८ च्या जाहिरात व दावे नियमांनुसार वनस्पती, प्राणी, खनिज अशा स्रोतातून मिळालेल्या, वरून काहीही न घातलेल्या आणि खाण्यायोग्य होण्यापुरतीच प्रक्रिया झालेल्या एकाच पदार्थाला हा शब्द लावता येतो. भाजणं, वाळवणं असल्या प्रक्रिया चालतात. अनेक जिन्नस एकत्र करून केलेल्या पदार्थाला थेट ‘नैसर्गिक’ म्हणता येत नाही. सगळे जिन्नस त्या कसोटीला उतरत असतील तर ‘नैसर्गिक घटकांपासून बनवलेले’ एवढंच लिहिता येतं. म्हणजे वहिनींच्या लाडवाच्या पाकिटावरचा तो शब्द मुळातच तिथे असायला नको होता. जून २०२४ मध्ये याच प्राधिकरणाने पॅकबंद ज्यूसवरचा ‘१०० टक्के फळांचा रस’ हा दावा काढायला लावला, कारण बहुतेक वेळा आत आटवलेल्या अर्कात पाणी घालून परत केलेला रस असतो.

आणि व्याख्येत बसला तरी तो शब्द इतकंच सांगतो की पदार्थात काही मिसळलेलं नाही. तुमच्या बीपीला, मूत्रपिंडाला, शुगरला तो पदार्थ चालेल का, याबद्दल हा शब्द एक अक्षरही बोलत नाही. सैंधव नैसर्गिक आहे, पण ते बहुतांशी सोडियम क्लोराइडच, आणि आयोडिन घातलेलं नसेल तर तो आणखी एक तोटा. उन्हात वाळवलेला खारा बांगडा आपल्या आगरी-कोळी घरांत पिढ्यानपिढ्या खाल्ला जातो, पण बीपीवाल्याने रोज ताटात घेतला तर पायावर सूज यायला वेळ लागत नाही. शहाळं नैसर्गिकच, पण मूत्रपिंड कमजोर असलेल्या माणसाच्या रक्तात त्यातलं पोटॅशियम साठून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. मध वर्षाच्या आतल्या बाळाला चाटवायचा नाही, बोटभरसुद्धा नाही. त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बाळाचं अंग लुळं पडू शकतं. आजींना वाईट वाटतं, पण या बाबतीत मी ऐकत नाही.

सगळ्यात जास्त राग मला दुधीच्या रसाचा येतो, म्हणजे तो विकणाऱ्यांचा आणि व्हिडिओ करून पसरवणाऱ्यांचा. २०१० साली दिल्लीत दुधीचा कडू रस प्यायल्यानंतर एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला. शिकलेला, विज्ञानात काम करणारा माणूस. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. दुधी, काकडी, दोडका या कुळात कुकुरबिटासिन नावाची विषारी द्रव्यं तयार होऊ शकतात, आणि ती असली की फळ कडू लागतं. ती शिजवूनही जात नाहीत. म्हणून दुधी चिरताना छोटा तुकडा जिभेला लावून बघा. कडू लागला तर थुंका आणि अख्खा दुधी फेकून द्या. चाळीस रुपये गेले तर जाऊ देत. कारल्याच्या रसात दुधी मिसळून पिणं तर सर्वात वाईट, कारण मग कडवटपणा कुणाचा हे कळणारच नाही. असा रस पोटात गेल्यावर मळमळ, पोटात मुरडा, जुलाब, उलटीत रक्त किंवा चक्कर यांतलं काही झालं तर लिंबूपाणी घेत घरी बसू नका. यावर उतारा नाही, सलाइन आणि देखरेख हाच उपचार, आणि तो वाशीच्या महापालिका रुग्णालयात किंवा जवळच्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयात लगेच सुरू व्हायला हवा.

याउलट, पाकिटामागचे आकडे बघून घाबरणारेही येतात. “डॉक्टर, यात आयएनएस तीनशे आहे, कॅन्सर होतो ना?” आयएनएस ३०० म्हणजे व्हिटॅमिन सी. आयएनएस १०० म्हणजे हळदीतला पिवळा रंग. नंबर दिसला म्हणजे विष, असं समजू नका.

बघायचं ते वेगळंच. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावी लागते, म्हणजे पहिल्या तीन नावांत पाकिटाचा बहुतेक माल आला. गूळ, मध, ग्लुकोज, माल्टोडेक्स्ट्रिन, इन्व्हर्ट सिरप, कॉर्न सिरप ही सगळी शुगर वाढवणारीच नावं, आणि वेगवेगळी लिहिल्यामुळे बऱ्याचदा एकही पहिल्या जागी येत नाही, हे नीट ध्यानात घ्या. मग तक्त्यात ‘ॲडेड शुगर’ आणि सोडियम बघा. निरोगी प्रौढासाठी दिवसाचं माप ५० ग्रॅम वरची साखर आणि २,००० मिलिग्रॅम सोडियम असं धरलं जातं. तुम्हाला शुगर किंवा बीपी असेल तर हे माप तुमचं नाही, तुमचं याहून कमी आहे. पाकिटावर चौदा आकडी परवाना क्रमांक नसेल, किंवा दावा खोटा वाटत असेल, तर ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ या ॲपवर किंवा अन्न व औषध प्रशासनाकडे फोटोसकट तक्रार करा. लोक चिडतात, पण तक्रार करत नाहीत.

आणि ‘जडीबुटीची, पूर्णपणे नैसर्गिक’ पुडी घेऊन ज्यांनी परस्पर माझ्या गोळ्या थांबवल्या आहेत, त्यांच्यासाठी. असल्या पुड्यांमध्ये गुपचूप स्टिरॉइड किंवा शुगरची ॲलोपॅथिक गोळी कुटून घातल्याची उदाहरणं आहेत. म्हणून सुरुवातीला शुगर उतरल्यासारखी वाटते. मी रागावीन म्हणून लपवू नका, पुडी घेऊन या. पण तोंडाला कोरड पडत असेल, लघवीला सारखं जावं लागत असेल, वजन उतरत असेल, तर माझ्या वेळेची वाट न बघता त्याच दिवशी रक्त तपासा. त्यातच उलट्या, धाप किंवा ग्लानी सुरू झाली असेल तर माझ्याकडे येऊच नका, रिक्षा करून थेट रुग्णालयाच्या अपघात विभागात जा, आणि किती दिवस गोळ्या बंद होत्या ते तिथल्या डॉक्टरांना खरं सांगा.