पंगतीत उणे पडले तर
वाचन : प्रेषितांची कृत्ये ६:१-७

मोठ्या हॉटेलात जेवण्याचे प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांना रोज येत नाहीत. मुलाला नोकरी लागली, आईवडिलांच्या लग्नाला पन्नास वर्षे झाली, परगावचे सोयरे आले, म्हणजे आपण चार पैसे बाजूला काढून तेथे जातो. म्हणून तेथे उणे पडले की ते अधिक बोचते. अन्न घरीही मिळाले असते. जास्तीचे पैसे मोजले ते अगत्यासाठी. अशा वेळी गप्प बसावे की बोलावे, आणि बोलावे तर कोणाशी? गोष्ट लहान दिसते, पण तीत एकाचा मान आणि दुसऱ्याचे पोट गुंतलेले असते.

आमच्या पाहण्यातला एक प्रसंग घेऊ. मंडळीतील एका वृद्ध दांपत्याच्या लग्नाच्या वाढदिवसानिमित्त आम्ही दहा जण शहरातील एका नावाजलेल्या हॉटेलात गेलो. टेबल आठ वाजता सांगून ठेवले होते. पावणेनऊपर्यंत दाराशी उभे राहिलो. मग जागा मिळाली ती स्वयंपाकघराच्या दाराजवळ. आजीबाईंनी तीनदा पाणी मागितले. पाच जणांचे जेवण संपत आले तेव्हा उरलेल्या पाचांची ताटे आली. पलीकडे उंची पोशाखातील पाहुण्यांपुढे मात्र दोन दोन वेटर उभे होते. आपल्या जुन्या भाषेत ह्याला पंक्तिप्रपंच म्हणतात. शेवटी बिल आले, त्यात दहा टक्के सेवाशुल्क! आमच्यातला एक तरुण उठून वेटरवर ओरडला. तो विशीतला पोर मान खाली घालून एवढेच म्हणाला, "साहेब, चौघांचे काम आज आम्ही दोघे करतोय."

आता वाचनाकडे वळू. यरुशलेमेतील पहिल्या मंडळीत हाच पंक्तिप्रपंच झाला होता. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या यहूद्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होऊ लागले आणि कुरकुर सुरू झाली. प्रेषितांनी काय केले, ते तीन मुद्द्यांत पाहू.

पहिला मुद्दा : त्यांनी तक्रार ऐकून घेतली. जेवणाखाण्याच्या गोष्टी क्षुल्लक आहेत, विधवांनी सोसावे, असे ते म्हणाले नाहीत. त्यांनी सर्व शिष्यांना बोलावले आणि जे पाठीमागे बोलले जात होते ते समोर आणले. काही जण समजतात की ख्रिस्ती माणसाने थंड सूप मुकाट्याने प्यावे आणि घरी येऊन महिनाभर त्या हॉटेलाची निंदा करावी. ह्यात नम्रता नाही. जेथे उणे पडले तेथेच, ते भरून काढता येईल अशा वेळी सांगणे, हे त्या हॉटेलवाल्याच्याही हिताचे आहे.

दुसरा मुद्दा : त्यांनी व्यवस्था सुधारली. शिष्यांची संख्या वाढत होती, असे पहिल्याच वचनात सांगितले आहे. जुनी व्यवस्था अपुरी पडली होती. वाढणाऱ्या कोणाला शिक्षा झाल्याचा उल्लेख नाही. सात माणसे नेमली गेली, आणि त्या साती जणांची नावे ग्रीक आहेत. ज्यांच्या विधवा उपाशी राहत होत्या त्यांना विश्वास वाटावा, अशीच ही निवड दिसते.

हॉटेलातही असेच आहे. किती वेटर ठेवायचे, कोणते टेबल कोणाला द्यायचे, हे वेटर ठरवीत नाही. भटारखान्यातून पदार्थ उशिरा आला तर तो काय करणार? पण शिव्या त्यालाच बसतात, आणि कधी पगारही त्याचाच कापला जातो. म्हणून तक्रार व्यवस्थापकाकडे न्यावी. आवाज न चढवता, काय, केव्हा आणि किती वेळा घडले तेवढेच सांगावे. त्या रात्री आमच्यातील एका वडीलधाऱ्या बंधूंनी हेच केले. माणसे कमी आहेत, पोरावर राग काढू नका, असेही ते बोलले. व्यवस्थापकाने दिलगिरी व्यक्त केली व सेवाशुल्क कमी करून दिले. निघताना आजोबांनी त्या पोराच्या हातावर आपल्या खुषीने वेगळे पैसे ठेवले.

येथे कायद्याची माहिती असणे बरे. जीएसटी हा सरकारचा कर आहे, तो द्यावाच लागतो. सेवाशुल्क सरकारकडे जात नाही. ते हॉटेल घेते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या : हॉटेलाने सेवाशुल्क आपोआप बिलात घालू नये, दुसऱ्या नावाने घेऊ नये, ते ऐच्छिक आहे हे ग्राहकास सांगावे. हॉटेलमालकांच्या संघटना न्यायालयात गेल्या. दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच महिन्यात सूचनांना स्थगिती दिली, पण २८ मार्च २०२५ रोजीच्या निकालात त्या उचलून धरल्या. तेव्हा असे शुल्क दिसल्यास ते काढण्यास शांतपणे सांगावे. ऐकले नाही तर बिल जपून ठेवावे आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ ह्या क्रमांकावर कळवावे.

तिसरा मुद्दा : त्यांनी पंक्तीची सेवा हलकी मानली नाही. त्या कामासाठी माणसे हवी होती ती नावलौकिकाची, आत्म्याने व ज्ञानाने पूर्ण. मूळ ग्रीकमध्ये रोजच्या वाटपाला आणि वचनाच्या सेवेला एकच शब्द आहे, 'डियाकोनिया'. आपल्या मंडळीतला 'डीकन' हा शब्द त्याच कुळातला. हे ध्यानात घेतले तर वाढणाऱ्याने हे काम कसेबसे उरकू नये हे कळते, आणि वाढून घेणाऱ्याने त्याला चुटकी वाजवून बोलावू नये हेही कळते. पूर्वी पंगतीत यजमान रांगेतून फिरत, पाहुण्यांना "सावकाश होऊ द्या" म्हणत. ते शब्द वाढप्यांच्याही कानी पडत आणि त्यांची धांदल कमी होई.

चर्चेसाठी प्रश्न
१. कुरकुर आणि तक्रार ह्यांत काय फरक आहे? वाचनातील कोणत्या वचनांवरून तो दिसतो?
२. आपल्या प्रीतिभोजनात शेवटच्या रांगेला काय वाढले जाते? वाढणारे स्वतः केव्हा जेवतात?
३. ज्याच्याकडून आपली सेवा नीट झाली नाही, त्याच्याशी आपण शेवटचे कोणत्या शब्दांत बोललो?