एम ४ चा स्क्रू किती आवळायचा?

प्रश्न : शिवाजी उद्यमनगरात आमचं छोटं वर्कशॉप आहे. बिडाच्या कास्टिंगवर एम ४ चे स्क्रू बसवतो. कधी डोकं तुटतं, कधी आटे जातात, कधी काही दिवसांत स्क्रू ढिला पडतो. नेमकं किती आवळायचं? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : डोकं टेकल्यावर पुढे जे फिरवतो, त्यानं स्क्रू ताणला जातो. तो पुन्हा आखडू पाहतो आणि त्या ओढीनेच दोन भाग घट्ट धरले जातात. ताणली जाणारी लांबी २० मिलिमीटर असेल, तर हा ताण जेमतेम ०.०४ मिलिमीटर असतो. पण एवढ्यावर ८.८ ग्रेडचा एम ४ स्क्रू सुमारे ३९० किलोची पकड देतो!

त्यासाठी कोरड्या, स्वच्छ आट्यांवर ३ न्यूटन-मीटर, म्हणजे साधारण ३० किलो-सेंटिमीटर टॉर्क लागतो. एम ३ ला १.३ आणि एम ६ ला १० न्यूटन-मीटरच्या आसपास. एम ४ च्या ॲलन बोल्टला ३ मिलिमीटरची चावी लागते. तिची लांब बाजू सहा-साडेसहा सेंटिमीटर धरली, तर टोकाला पाच किलोचा जोर पुष्कळ झाला. तिथं पाइप चढवून पिळणं म्हणजे डोकं तोडायचीच तयारी. बोल्ट १२.९ ग्रेडचा असेल तर तो जास्त सोसतो, पण बिडातले आटे सोसतीलच असं नाही.

खरी मेख घर्षणात आहे. आपण लावलेल्या टॉर्कपैकी सुमारे नव्वद टक्के डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात जातो. स्क्रू ताणायला उरतो दहा टक्के. आट्यात टॅपिंगचं तेल राहिलं की घर्षण घटतं, आणि त्याच टॉर्कला स्क्रू कितीतरी जास्त ताणला जाऊन तुटतो. उलट, बंद भोकात बीडचुरा अडकला तर पाना ‘झालं’ सांगतो, पण पकड आलेलीच नसते. म्हणून टॉर्क पाना विकत घेण्याआधी भोकं हवेनं साफ करायची शिस्त लावा. माझ्या मते निम्म्या तक्रारी तिथंच मिटतील.

आटे जात असतील तर खोली मोजा. बिडात व्यासाच्या दीडपट, म्हणजे ६ मिलिमीटर पूर्ण आटे गुंतायला हवेत, ॲल्युमिनियममध्ये ८.

ढिलं पडण्याबद्दल जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर यांनी १९६९ मध्ये दाखवून दिलं, की आवळलेले भाग आडवे सरकू लागले की स्क्रू आपोआप उलटा फिरतो. त्यामुळे पुरेशी पकड हाच पहिला उपाय. स्प्रिंग वॉशरवर फार विसंबू नका. इंजिनाजवळचा, सतत थरथरणारा जोड असेल तर आटे चिकटवणारं लॉकिंग द्रव वापरा.

तुमच्या जोडाचा आकडा तुम्हीच काढू शकता. रद्द झालेल्या कास्टिंगवर तेच स्क्रू, तशाच साफ आट्यांत, तुटेपर्यंत किंवा आटे जाईपर्यंत आवळा. असं पाच-सहा वेळा करा. सर्वांत कमी आलेल्या टॉर्कच्या साठ-पासष्ट टक्क्यांवर पाना लावा. झाकणाला चार स्क्रू असतील तर समोरासमोरचे, दोन फेऱ्यांत आवळा : आधी अर्ध्या टॉर्कला, मग पूर्ण.