लेसर किरण आणि चेहऱ्याची त्वचा

सुरकुत्या कमी करण्यासाठी चेहऱ्यावर जे लेसर उपचार केले जातात, त्यांतील एका प्रमुख लेसरचे जनक मूळचे बारामतीचे होत. कुमार पटेल यांचा जन्म तेथे १९३८ साली झाला. पुण्यात अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन ते अमेरिकेस गेले आणि १९६४ साली बेल प्रयोगशाळेत त्यांनी कार्बन डायऑक्साइड लेसर निर्माण केला.

या लेसरचे अदृश्य किरण पाण्यात तत्काळ शोषले जातात. त्वचेत पाणी विपुल असल्याने तिचा वरचा पातळ थर क्षणार्धात वाफ होऊन उडून जातो. खालच्या थरास उष्णता मिळते. तेथील कोलॅजन नावाचे प्रथिन आकसते व पुढील काही महिन्यांत नव्याने तयार होते. त्यामुळे बारीक सुरकुत्या आणि मुरुमांचे व्रण फिके होतात. ओघळलेले गाल वर उचलणे मात्र लेसरला साधत नाही. ते काम शस्त्रक्रियेचेच.

सावळ्या त्वचेत रंगद्रव्य अधिक असते. उष्णतेने ती डिवचली गेली, तर सुरकुतीच्या जागी काळा डाग उमटून महिनोन्महिने टिकू शकतो. जाहिरातींत हा धोका क्वचितच सांगितला जातो. २००४ साली पुढे आलेल्या फ्रॅक्शनल पद्धतीत किरण सूक्ष्म ठिपक्यांतूनच टाकतात आणि मधली अखंड त्वचा जखम लवकर भरून काढते. धोका त्याने कमी होतो, नाहीसा होत नाही. उपचारानंतर कित्येक आठवडे चेहऱ्यास ऊन लागू द्यावयाचे नसते. शेतात वा रस्त्यावर दिवसभर राबणाऱ्यास हे पथ्य पाळणे सर्वांत कठीण जाते.