पडद्यावरचं पान

सेलू

चि. सायली हिस,


लॅपटॉपवर सगळं फिकं दिसतं म्हणून तू शेतकऱ्यांनी पाठवलेल्या फोटोंचं सॅच्युरेशन वाढवून ठेवतेस, असं ताई म्हणाली. ते आधी थांबव. माझ्या स्टुडिओत शालूचा रंग थोडा खुलवला तर नवरी खूशच होते. तू मात्र कृषी विद्यापीठात वनस्पती रोगशास्त्र शिकतेस, तुझं निदानच रंगावर चालतं. भेंडीवर येलो व्हेन मोझॅक आला की शिरा पिवळ्या पडतात आणि मधलं पान हिरवं राहतं. लोह कमी पडलं तर कोवळ्या पानात नेमकं उलटं होतं, शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा. फिक्या पडद्यावर हा फरकच बुजतो, आणि भडक केलेल्या फोटोत चांगलं पानही रोगट वाटू लागतं. ज्या विद्यापीठानं या मोझॅकला तोंड देणारी 'परभणी क्रांती' भेंडी दिली, तिथं शिकणाऱ्या मुलीकडून असं व्हायला नको.

फोटो बिघडलाय की पडदा, हे पहिल्यांदा ठरव. तोच फोटो मोबाइलवर उघडून लॅपटॉपशेजारी धर. मोबाइलही पुष्कळदा रंग जरा चढवूनच दाखवतो, पण शिरा वेगळ्या उठून दिसतात की नाही एवढं त्यावरून कळतं.

दोष पडद्याचा निघाला तर चार्जर लावून बघ. बॅटरीवर असतानाच रंग उतरत असतील तर ग्राफिक्सच्या सेटिंगमधली वीज वाचवणारी सोय बंद कर. नाइट लाइट बंद कर, एचडीआरही. साध्या पडद्यावर एचडीआर चालू राहिलं की सगळ्यावर राखाडी झाक येते. कलर मॅनेजमेंटमध्ये भलतंच प्रोफाइल बसलं असेल तर एसआरजीबी निवड.

प्रोजेक्टर किंवा मोठा मॉनिटर एचडीएमआयनं जोडल्यावरच काळा रंग राखाडी होतो का, हेही बघ. तसं असेल तर लॅपटॉप काळ्याला 16 आणि पांढऱ्याला 235 धरून चित्र पाठवतोय आणि समोरचा मॉनिटर ते 0 ते 255 समजून दाखवतोय. फुल रेंज निवडलीस की काळा पुन्हा काळा होईल.

एवढं करूनही फिकंच दिसलं, आणि पडदा मागे-पुढे कलवला की रंग पालटत असतील, तर ते टीएन पॅनेल आहे. स्वस्त लॅपटॉपच्या माहितीपत्रकात रंगांचं माप '45 टक्के एनटीएससी' असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. एसआरजीबीचे पूर्ण रंग दाखवायला त्याच मापात साधारण 72 टक्के लागतात. जे रंग पॅनेलला दाखवताच येत नाहीत ते कुठलीही सेटिंग आणणार नाही. अशा वेळी निदानापुरतं विभागातल्या आयपीएस मॉनिटरवर बस, कुणाला मागायला संकोच करू नकोस.

शेतकऱ्यांना सांग की पान सावलीत धरून, शेजारी पांढरा कागद ठेवून फोटो काढा. कागद पिवळसर दिसला तर पानाच्या पिवळेपणावर भरवसा ठेवायचा नाही, दुसरा फोटो मागवायचा. शंका उरली तर पानच मागव. मानवत-पाथरीहून एसटीनं पान यायला फार वेळ लागत नाही, आणि चुकीच्या फवारणीचा खर्च त्या माणसाच्या खिशातून जातो.

लॅपटॉपच्या खालच्या बाजूला मॉडेल नंबर असतो, तो मला कळव. त्याला बरं पॅनेल बसतं का, याची मी चौकशी करतो.

तुझा,
मामा