‘काम आहे का, काम?’ : नाक्यावरून मोबाइलवर आलेला प्रश्न



गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. दहावीनंतर आयटीआय करून वायरमन झालेला, नाशिकच्या सिडको भागात आठ वर्षं घरगुती वायरिंगची कामं करणारा. हातात मिठाईचा पुडा होता, पण चेहऱ्यावर दिवाळी नव्हती. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलून म्हणाला, “बाई, एक विचारू? तुम्ही आम्हाला मराठी शिकवायचात. मला माझ्या कामाबद्दल चार ओळी लिहून द्याल? मोबाइलवर टाकायच्यात.”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. कामं मिळवून देणाऱ्या एका संकेतस्थळावर त्याने तीन हजार रुपये भरले होते. महिन्याभरात हातात जेमतेम काही पडलं होतं. घरी बायको म्हणत होती, सोसायटीत वॉचमनची नोकरी आहे ती धर, महिन्याचा पगार तरी येईल. ड्रिल मशीन विकायचं गिऱ्हाईकसुद्धा त्याने बघून ठेवलं होतं.

त्या दिवशी आम्ही दोघं वही-पेन घेऊन बसलो. त्यातून मी जे शिकले, तेच आज पाठाच्या रूपात तुमच्यासमोर ठेवते. आपल्या वर्गातली कितीतरी मुलं उद्या वायरमन, प्लंबर, सुतार, पेंटर, ब्युटीशियन होणार आहेत. त्यांना काम शिकवणारे भेटतील. काम मिळवायचं कसं, हे कोण शिकवणार?

१. आधी काम कसं मिळायचं?

सकाळी नाक्यावर उभं राहायचं, पिशवीतून थापी किंवा ब्रश दिसेल असं धरायचं. दुसरी वाट हार्डवेअरच्या दुकानाची. दुकानदाराला गिऱ्हाईक विचारायचं, “कोणी चांगला प्लंबर आहे का हो?” आणि दुकानदार ओळखीच्या माणसाचा नंबर द्यायचा. तिसरी वाट सोसायटीच्या वॉचमनची, आणि चौथी सगळ्यात खात्रीची, म्हणजे जुन्या गिऱ्हाइकाने शेजाऱ्याला केलेली शिफारस.

या प्रत्येक वाटेत मध्ये एक माणूस होता आणि त्याच्या शब्दावर विश्वास होता. मोबाइलवरही मध्यस्थ आहेच. फक्त तो आता आपल्याला ओळखत नाही. तो आपलं लिहिलेलं, आपले फोटो आणि गिऱ्हाइकाने दिलेले तारे एवढंच ओळखतो.

२. मोबाइलवरच्या तीन वाटा

मुलांना सगळे अ‍ॅप सारखेच वाटतात. पण त्यांच्या पैशाचा हिशोब वेगवेगळा आहे, तो आधी समजावून द्यावा.

*पहिली वाट : चौकशी देणारे.* जस्टडायल १९९६ साली मुंबईत सुरू झालं, तेव्हा लोक फोन करून नंबर विचारायचे. आता तेच मोबाइलवर आहे. सुलेखाही याच जातीचं. गिऱ्हाईक काय काम आहे ते नोंदवतं आणि ती चौकशी त्या भागातल्या अनेक कारागिरांकडे जाते. कारागीर पैसे भरतो ते चौकशीसाठी किंवा यादीत वर दिसण्यासाठी. काम मिळेलच याची हमी त्यात नसते. माझा विद्यार्थी नेमका इथेच फसगत झाल्यासारखा बसला होता. त्याला वाटलं होतं, तीन हजारांत वीस कामं मिळतील. मिळाले होते वीस फोन नंबर.

*दुसरी वाट : काम वाटून देणारे.* अर्बन कंपनी हे याचं ठळक उदाहरण. ही कंपनी २०१४ साली अर्बनक्लॅप या नावाने निघाली आणि २०२० मध्ये तिने नाव बदललं. इथे दर कंपनी ठरवते, गिऱ्हाईक कंपनीचं असतं, आणि प्रत्येक कामामागे कंपनी आपला वाटा कापते. काम नेमाने येतं, पण दर, वेळ, नियम आपल्या हातात राहत नाहीत. २०२१ मध्ये गुरुग्रामला या कंपनीशी जोडलेल्या ब्युटीशियन महिलांनी याच कापल्या जाणाऱ्या वाट्यावरून आणि अटींवरून निदर्शनं केली होती.

*तिसरी वाट : स्वतःची पाटी.* गूगल मॅपवर आपल्या व्यवसायाची नोंद फुकट करता येते. कामाचे फोटो टाकता येतात, गिऱ्हाईक अभिप्राय लिहितं. ही वाट सावकाश चालते, पण त्यावरून आलेल्या फोनला पैसे पडत नाहीत.

कुठलीही एक वाट चांगली, दुसरी वाईट, असं मुलांना सांगू नका. प्रत्येक वाटेवर टोल किती आणि तो कधी भरायचा, एवढं त्यांना विचारायला शिकवा.

३. हिशोबाची वही

आम्ही त्याचा महिना वहीत मांडला. इयत्ता सातवीचं गणित पुरतं यासाठी.

वीस चौकश्यांपैकी सात जणांनी फोनच उचलला नाही. सहा जण म्हणाले, “दुसऱ्याला दिलं,” किंवा “नुसता भाव विचारत होतो.” सात घरी तो जाऊन आला. त्यातल्या तिघांनी काम दिलं.

म्हणजे एक चौकशी पडली दीडशे रुपयांना. आणि एक काम पडलं हजार रुपयांना!

तीन कामांची मजुरी अशी : पंखा बसवणं ३००, गीझर जोडणं ६००, एका स्वयंपाकघराचं वायरिंग ४,६००. एकूण ५,५००. त्यातून ३,००० चौकश्यांचे आणि ७०० पेट्रोलचे गेले. हातात राहिले १,८००.

तो वहीकडे बघत बसला. मग म्हणाला, “बाई, म्हणजे पंख्याचं काम मी सातशे रुपये पदरचे घालून केलं?”

हो. कुणी त्याला लुबाडलं नव्हतं. त्याने हिशोब केला नव्हता, इतकंच. सात फेऱ्यांपैकी चार शहराच्या पार दुसऱ्या टोकाला होत्या. पंख्याच्या चौकशीला आणि पूर्ण घराच्या वायरिंगच्या चौकशीला त्याने सारखेच पैसे मोजले होते. आणि त्याच महिन्यात दोन जुन्या गिऱ्हाइकांनी फोन करून दिलेली कामं वहीत मांडली, तेव्हा त्यांचा मिळवण्याचा खर्च निघाला शून्य.

तेव्हापासून त्याने वहीत सात रकाने आखले : तारीख, चौकशी कुठून आली, काय काम, किती लांब, मिळालं की नाही, मजुरी, खर्च. दर रविवारी बेरीज.

४. चार ओळी लिहायच्या कशा?

आता माझा विषय. त्याने स्वतःबद्दल टाकलं होतं ते असं :

“सर्व प्रकारची इलेक्ट्रिकची कामे केली जातील. दर्जेदार काम, वाजवी दर. एक वेळ अवश्य संपर्क साधा.”

वाचून बघा. शुद्धलेखनाची एकही चूक नाही. पण गिऱ्हाइकाला यातून काय कळलं? कोण करणार, कुठे येणार, काय येतं, काय येत नाही, काहीच नाही. ‘केली जातील’ या कर्मणी प्रयोगात कर्ता गायब आहे, आणि गिऱ्हाईक तर कर्त्यालाच शोधतंय! आम्ही दोघांनी मिळून ते पुन्हा लिहिलं :

“मी आयटीआय वायरमन. आठ वर्षं घरगुती वायरिंग करतो. वायरमन परवाना आहे. सिडको, इंदिरानगर, पाथर्डी फाटा या भागात येतो. जुनं वायरिंग बदलणं, एमसीबी बोर्ड, अर्थिंग, इन्व्हर्टर जोडणी ही माझी मुख्य कामं. एसी आणि फ्रिजची दुरुस्ती करत नाही. पाहणीचे १५० रुपये, काम दिलंत तर बिलातून वजा.”

‘करत नाही’ हे वाक्य घालायला तो आधी तयार नव्हता. “गिऱ्हाईक जाईल की, बाई.” मी म्हटलं, जे काम येत नाही ते गिऱ्हाईक गेलेलंच बरं. शिवाय जो ‘हे मला येत नाही’ म्हणतो, त्याच्या ‘हे येतं’वर माणूस विश्वास ठेवतो.

फोटोंचंही तसंच. इंटरनेटवरून उचललेलं चकाचक चित्र नको. स्वतः केलेल्या बोर्डाचा आधीचा आणि नंतरचा फोटो हवा, घरमालकाला विचारून काढलेला.

५. चौकशीला उत्तर

एका बाईंनी विचारलं होतं : “घरातली लाइट सारखी ट्रिप होते. किती घ्याल?” त्याचं उत्तर होतं : “बघून सांगतो.” चूक काहीच नाही, पण त्या बाईंना असंच उत्तर आणखी चौघांनी दिलं असणार. आम्ही सराव म्हणून असं लिहिलं :

“नमस्कार. गीझर किंवा इस्त्री लावल्यावर ट्रिप होते की कधीही? बोर्डाचा बाहेरून एक फोटो पाठवाल का? तोवर ते उपकरण लावू नका आणि बोर्ड उघडू नका. कारण कळल्याशिवाय सांगितलेला दर खरा नसेल. उद्या सकाळी साडेनऊला येऊ शकतो.”

यात प्रश्न आहे, काळजी आहे, वेळ आहे. कारागिराला काम येतं हे त्याने न सांगताच कळतं.

आणि काम ठरलं की कोटेशन लेखी द्यायचं, व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना : किती पॉइंट, पॉइंटमागे मजुरी किती, सामान कोण आणणार, भिंत फोडली तर प्लास्टर कोणाकडे, किती दिवस, आगाऊ किती. भांडणं बहुतेक वेळा न बोललेल्या गोष्टींवरून होतात.

६. सावध राहायच्या गोष्टी

- पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. “अ‍ॅडव्हान्स पाठवतोय, पिन टाका,” असं कोणी म्हटलं की फोन ठेवायचा.
- ओटीपी कोणालाही सांगायचा नाही.
- आधी थोडे दिवस, थोड्या रकमेत अनुभव घ्यायचा. वर्षाचे पैसे एकदम भरायचे नाहीत. पैसे परत मिळण्याची अट आधी वाचायची.
- फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करायचा.

७. आजारपणाचं काय?

नोकरदाराला रजा असते. हातावर पोट असणाऱ्याचा हात मोडला तर? केंद्र सरकारचं ई-श्रम पोर्टल असंघटित कामगारांच्या नोंदणीसाठी ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालं. नोंदणी फुकट असते आणि बारा अंकी क्रमांक मिळतो. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये ‘गिग कामगार’ आणि ‘प्लॅटफॉर्म कामगार’ हे शब्द पहिल्यांदा देशाच्या कायद्यात आले. त्यांच्या सामाजिक सुरक्षेसाठी संबंधित कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम द्यावी, अशी तरतूद त्यात आहे. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. पालकहो, घरात कोणी असं काम करत असेल तर त्यांची ई-श्रम नोंदणी झाली आहे का, एवढं आज विचारा.

वर्गासाठी उपक्रम (आठवी ते दहावी)

१. ओळखीच्या एका कारागिराला विचारा : गेली पाच कामं कोणाकडून मिळाली? वर्गात एकत्र तक्ता करा.
२. त्यांच्यासाठी सहा वाक्यांची ओळख लिहा. ‘दर्जेदार’, ‘वाजवी’, ‘सर्व प्रकारची’ हे शब्द वापरायला बंदी.
३. २,४०० रुपयांत १६ चौकश्या, त्यातून ४ कामं. एका कामामागे खर्च किती? किती मजुरीच्या खालचं काम तोट्यात जाईल?
४. चर्चा करा : एका वाईट अभिप्रायाला उत्तर कसं द्यावं?

शेवटी त्या विद्यार्थ्याबद्दल. ड्रिल मशीन विकलं नाही. चौकश्या तो अजून विकत घेतो, पण थोड्या, जवळच्या आणि मोठ्या कामांच्याच. बाकी कामं जुनी गिऱ्हाइकं आणि मॅपवरची पाटी देते. फार श्रीमंत झालाय असं नाही, पण वॉचमनच्या नोकरीचा विषय घरात निघत नाही.

मला मात्र एक गोष्ट टोचत राहिली. दहावीत त्याने तक्रारपत्र अगदी नमुन्याबरहुकूम लिहिलं होतं आणि मी पैकीच्या पैकी गुण दिले होते. ‘तुला काय करता येतं ते लिही’ असं मी त्याला एकदाही सांगितलं नव्हतं. यंदा जूनमध्ये नव्या वर्गाला पहिलं लेखन तेच देणार आहे. तुम्हीही देऊन बघा, आणि मुलांनी काय लिहिलं ते मला जरूर कळवा.