परमुलखातील वृद्ध मधुमेही आणि साखरेची अखंड नोंद

मुलांमागोमाग इंग्लंडमध्ये स्थायिक झालेले आणि सुटीत मायदेशी आल्यावर आमच्याकडे तपासणीस येणारे वृद्ध मधुमेही आता आमच्या बाह्यरुग्ण विभागास नवे नाहीत. त्यांपैकी काहींची स्मरणशक्ती क्षीण झालेली असते. अशा रुग्णांच्या बाबतीत वाढलेल्या साखरेपेक्षा घटलेल्या साखरेचे भय अधिक. जेवण झाले की नाही याचे स्मरण राहत नाही, इन्सुलिन मात्र दुसऱ्यांदा टोचले जाते. एकादशीस फराळ नावापुरता आणि मात्रा नेहमीचीच. घाम, थरथर ही लक्षणे वयोमानाने पुसट होतात व उरलेला गोंधळ विसराळूपणाच्या खाती जमा होतो.

येथे दंडावर चिकटवावयाचा सेन्सर उपयोगी पडतो. तो रक्तातील नव्हे, तर त्वचेखालील द्रवातील साखर मोजतो. त्यामुळे साखर झपाट्याने बदलत असता त्याचा आकडा काही मिनिटे मागे राहतो. झोपेत त्यावर दाब आल्यास आकडा खोटाच खाली दिसतो, तेव्हा बोट टोचून खात्री करावी लागते. अमेरिकेतील २०२० च्या एका अभ्यासात पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेले, साठ व त्याहून अधिक वयाचे २०३ रुग्ण होते. अखंड नोंद ठेवणाऱ्या गटात साखर ७० मिलिग्रॅमखाली असण्याचा काळ दिवसाकाठी ७३ मिनिटांवरून ३९ वर आला. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांस हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही. तथापि, दिवसातून अनेकदा इन्सुलिन घेणाऱ्या ज्या रुग्णास बौद्धिक क्षीणतेमुळे स्वतः बोट टोचून तपासणी करता येत नाही, त्यास सेन्सर द्यावा आणि त्याची नोंद दुसऱ्याने घेतली तरी चालेल, अशी शिफारस ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०२२ मध्ये केली.

अडचण निराळ्याच ठिकाणी येते. तेथे साखर मिलिमोलमध्ये सांगतात. त्यास १८ ने गुणिले की आपले मिलिग्रॅम मिळतात. आयुष्यभर ‘एकशे चाळीस’ ऐकलेल्या आजोबांना ३.५, म्हणजे अवघे ६३, हा आकडा धोक्याचा वाटतच नाही. एका आजींनी सेन्सर परका बिल्ला समजून उपटला. पुढे सुनेने तो ब्लाऊजच्या बाहीखाली येईल असा लावला व तो टिकला. गजर मुलाच्या मोबाइलवर वाजतो, परंतु मुलगा कचेरीत असतो. सेन्सरचा खर्च हिशेबात दिसतो. दुपारी साखरपाणी देण्यास घरात कोण आहे, हे बहुधा कोणी विचारलेलेच नसते.

म्हणून परतणाऱ्या रुग्णासोबत आम्ही मराठी व इंग्रजी पत्र देतो. त्यात दोन्ही एककांतील आकडे, उपवासाचे दिवस आणि दिवसा घरी असणाऱ्या व्यक्तीचे नाव असते. शेवटचा रकाना रिकामा राहिल्यास इन्सुलिनची मात्रा सौम्य करता येईल काय, याचा विचार आमचे डॉक्टर करतात.