हरणाऱ्याची खात्री

वर्गनायक निवडतांना चिठ्ठ्या सर्वांसमक्ष उलगडून मोजल्या जातात. हरलेला मुलगा खट्टू होतो, परंतु लबाडी झाली असें म्हणत नाहीं. कारण मोजणी त्यानें स्वतः पाहिलेली असते. जिंकणाऱ्याचें समाधान सहज होतें. निवडणुकीची खरी परीक्षा हरणाऱ्याची खात्री पटविण्यांत आहे.

महाराष्ट्रांत ही खात्री सन २०२४ मध्यें डळमळली. जूनमध्यें लोकसभेच्या ४८ पैकीं ३० जागा महाविकास आघाडीस मिळाल्या. नोव्हेंबरांत विधानसभेच्या २८८ पैकीं २३० जागा महायुतीनें जिंकल्या. पराभूतांनीं मतदानयंत्रांवर व मतदारयाद्यांवर आक्षेप घेतले. माळशिरस तालुक्यांतील मारकडवाडींत तर नवल घडलें. तेथील बहुतेकांचा उमेदवार निवडून आला होता. पण गांवांतच तो मागें पडला, हें त्यांस पटेना. त्यांनीं ३ डिसेंबरला मतपत्रिकांवर पुन्हां मतदान योजिलें. प्रशासनानें जमावबंदी पुकारली आणि बेत तसाच राहिला.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. मत देतांच काचेआड सात सेकंद जी चिठ्ठी दिसते, तशा चिठ्ठ्या प्रत्येक मतदारसंघांत पांच यंत्रांच्या, म्हणजे एकंदर १,४४० यंत्रांच्या, मोजल्या. फरक आढळला नाहीं, असें निवडणूक आयोगानें सांगितलें.

पक्षांची मतें मात्र निकालाबरोबर फिरतात. २००९ च्या पराभवानंतर यंत्रांविषयीं शंका काढणारे लालकृष्ण अडवाणी भारतीय जनता पक्षाचेच नेते होते. आज तोच पक्ष यंत्रांचा कैवारी आहे. अमेरिकेंत २०२० सालीं हरलेल्या ट्रम्प यांच्या पक्षकारांनीं सुमारें ६० दावे लावले. जवळजवळ सर्व फेटाळले गेले. २०२४ सालीं तेच जिंकले आणि तक्रार मावळली.

यावरून आम्ही काय शिकावें? शंका पराभूताची आहे म्हणून ती खोटी ठरत नाहीं, आणि आपण जिंकलों म्हणून व्यवस्था निर्दोष ठरत नाहीं. दोहोंस कसोटी एकच: पुरावा. तो तपासण्याची वाट मोकळी ठेवणें हीच खरी सुधारणा होय. आमच्या वसई-विरार महानगरपालिकेची निवडणूक १५ जानेवारी २०२६ रोजीं झाली. तींत ती चिठ्ठी दाखविण्याची सोय नव्हती. ती असावी, असें जिंकलेल्यांनींही म्हटलें पाहिजे.

पालकांनीं एवढें तरी करावें: मतदारयादी वेळेवर वाचावी, मृतांचीं व गांव सोडून गेलेल्यांचीं नांवें कळवावीं. निकालानंतर ओरडण्यापेक्षां निकालापूर्वीं पाहणें बरें.